शर्यतीच्या कबुतराचा दाणा

अवसरी बुद्रुकसारख्या आंबेगाव तालुक्यातील गावात खरिपात बाजरी, तर रब्बीत ज्वारी आणि हरभरा पिकतो. घराकडे परतणाऱ्या कबुतराच्या आहाराचा मुख्य भाग नेमका याच धान्यांचा असतो. कबुतराला दात नसल्याने ते दाणा अख्खा गिळते आणि तो पेषणीत, म्हणजे जठराच्या स्नायुमय भागात, पोटातल्या खड्यांच्या साहाय्याने दळला जातो; म्हणून बारीक खडी व शिंपल्यांचा चुरा ढाबळीत, अर्थात कबुतरांच्या घरात, सदैव ठेवावा लागतो. एका पक्ष्याला दिवसाला सुमारे 30 ग्रॅम दाणा पुरतो. पिसे झडून नवी येताना डाळवर्गीय धान्य वाढवतात, तर लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी मका, शेंगदाणे व करडई देतात, कारण दीर्घ उड्डाणात स्नायू प्रामुख्याने चरबी जाळतात.

शर्यतीत सर्व पक्षी एकाच ठिकाणाहून सोडले जातात, परंतु प्रत्येकाची ढाबळ वेगळ्या अंतरावर असल्याने, आधी पोहोचणारा नव्हे, तर अंतराला वेळेने भागून येणारा वेग ज्याचा सर्वाधिक, तो विजयी ठरतो. सूर्याची दिशा, पृथ्वीचे चुंबकत्व आणि गंध यांच्या आधारे पक्षी वाट शोधतो. याच क्षमतेवर ओडिशा पोलिसांची 1946 मध्ये सुरू झालेली कबुतर-टपाल सेवा उभी राहिली.

पायात कडे असलेले थकलेले कबुतर छपरावर उतरल्यास त्याला प्रथम पाणी, मग थोडी बाजरी द्यावी आणि विश्रांतीनंतर मोकळे सोडावे.