कावळा, फांदी आणि फायरवॉल

गेल्या वेळी आपण कार्यकारणभावावर बोललो. नंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण रोजच्या व्यवहारात याचा उपयोग काय? म्हणून आज आम्ही एक बंद पडलेलं इंटरनेट घेऊन आलो आहोत. हसू नका. आम्ही संगणकातले तज्ज्ञ नाही, पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं एवढंच. पण बिघाड शोधणं हे शेवटी तर्काचंच काम असतं. आणि साताऱ्यात तर्कावर बोलताना जरा जपूनच बोलावं लागतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची वाई इथून हाकेच्या अंतरावर आहे.

झालं असं. आमचा एक जुना विद्यार्थी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विम्याचे अर्ज, अशी कामं. खरिपाच्या विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि केंद्रातला मुख्य संगणक नेटला लागेना. बाहेर शेतकऱ्यांची रांग. आम्ही सांगलीत, घरी. त्याचा फोन आला. "सर, कामावरच्या पोराला आज घरी पाठवतोय. काल त्यानं कसलीशी फायरवॉल टाकली आणि सगळं बसलं."

मागून पोराचा आवाज येत होता, "अहो, सकाळीच काढून टाकली ती. तरी नेट आलं नाही. मग दोष तिचा कसा?" आणि तिथेच बसलेला एक शहाणा सांगत होता, फॉरमॅट मारा, विषय संपवा. त्या संगणकात शेकडो शेतकऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रं होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता या दोन युक्तिवादांकडे नीट पाहा. मालक म्हणतो, अमुक केल्यानंतर बिघाड झाला, म्हणून अमुकमुळे झाला. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात. न्यायशास्त्रात कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण देतात. गाढवानं माती वाहून आणली, म्हणजे मडक्याच्या आधी गाढव होतंच. पण म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. नुसतं आधी असणं पुरेसं नाही.

पोराचा युक्तिवाद वरवर जास्त शास्त्रशुद्ध. आपल्या परंपरेत कारण ठरवायची कसोटी आहे अन्वय आणि व्यतिरेक. ते असेल तर हे असतं, हा अन्वय. ते नसेल तर हे नसतं, हा व्यतिरेक. पोरानं व्यतिरेक करून पाहिला. फायरवॉल काढली, बिघाड राहिला, म्हणून फायरवॉल निर्दोष. पण एक गोष्ट त्यानं गृहीत धरली. ती खरोखर निघाली होती का?

इथं फायरवॉल म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. आपल्याला पडद्यावर दिसते ती तिची खिडकी. खरं काम करतो तिचा ड्रायव्हर. हा छोटा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात, नेटवर्क कार्ड आणि त्याच्या वरचा टीसीपी/आयपीचा थर यांच्या मध्ये बसतो. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जातं. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये अशा ड्रायव्हरला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात.

कृष्णाकाठच्या माणसाला हे चटकन समजेल. नदीवर कोल्हापुरी बंधारा असतो. पाणी अडवायचं तर त्याच्या गाळ्यांत बर्गे घालतात, सोडायचं तर काढतात. ड्रायव्हर म्हणजे हे बर्गे. खिडकीतला प्रोग्राम म्हणजे कुठले काढायचे, कुठले ठेवायचे हे सांगणारा माणूस. आता समजा माणूस नोकरी सोडून गेला आणि बर्गे सगळे घातलेलेच राहिले. खालची नदी कोरडी. आणि आपण म्हणतोय, माणूस तर गेला, आता त्याचा काय दोष!

अर्धवट काढलेली फायरवॉल नेमकी अशी असते. हुकूम देणारा भाग पुसला जातो, ड्रायव्हर मागे राहतो. काही ड्रायव्हरांची घडणच अशी, की हुकूम मिळाला नाही तर सगळंच अडवायचं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे, पण आपलं नेट गेलेलं असतं.

मग शोधायचं कसं? पावसाळ्यात सांगलीकर काय करतात ते आठवा. नुसतं दारात पाणी आलं का ते पाहत नाहीत. कराडला किती, बहे पुलाला किती, ताकारीला, भिलवडीला किती आणि मग आयर्विन पुलाला किती, असं क्रमानं विचारतात. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. संगणकाचंही तसंच. एकेका पुलावर मोजत यायचं.

त्याला आम्ही म्हटलं, आधी कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घे. मग एकेक कर आणि दिसेल ते लिहून ठेव.

पहिला पूल: त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइल लावून पाहा, सिमचा डेटा बंद ठेवून. मोबाइलवर नेट चाललं. म्हणजे लाइन आणि राउटर दोन्ही सुटले.

दुसरा पूल: कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग १२७.०.०.१. हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता. उत्तर आलं. म्हणजे टीसीपी/आयपीचा थर जागा आहे.

तिसरा पूल: आयपीकॉन्फिग. इथं १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला. हा आकडा लक्षात ठेवा. राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तर मिळालं नाही, की विंडोज स्वतःच असा पत्ता लावून घेतं. राउटर तर मोबाइलला पत्ता देत होता. म्हणजे मागणी किंवा तिचं उत्तर वाटेतच, संगणक ते राउटर या टप्प्यात, अडत होतं. केबल आणि राउटरचं पोर्ट बदलून पाहिलं, फरक नाही.

तुमच्याकडे इथे नेहमीचा पत्ता दिसला, तर पुढे राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावानं. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर बिघाड डीएनएसचा. फॉरमॅट करणारा माणूस यातलं काहीच मोजत नाही. त्यानं कदाचित नेट येईलही, पण कशानं गेलं होतं ते कधीच कळणार नाही.

आता संशयित एकच उरला. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल लिहून नेटवर्क जोडण्यांची यादी उघडली, आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. तिथे कार्डाला चिकटलेल्या थरांची यादी असते, प्रत्येकापुढे खूण. "काढून टाकलेल्या" फायरवॉलचं नाव तिथे खुणेसकट हजर! खूण काढायला सांगितली. अर्ध्या मिनिटात पत्ता आला, नेट आलं. आम्ही म्हटलं, आता पुन्हा खूण कर. नेट गेलं. पुन्हा काढ. आलं. मालक चिडला, "सर, रांग लागलीय." पण मित्रहो, अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही झाल्याशिवाय आरोप सिद्ध होत नाही.

संध्याकाळी रांग संपल्यावर नीट सफाई केली. तीच फायरवॉल पुन्हा बसवून तिच्याच अनइन्स्टॉलनं काढली आणि संगणक रीस्टार्ट केला. काही उत्पादक यासाठी वेगळं सफाईचं साधन देतात. एवढ्यानं भागलं नाही तर नेटश विन्सॉक रिसेट आणि नेटश इंट आयपी रिसेट हे दोन आदेश आहेत. अगदी शेवटी विंडोज १० आणि ११ मधला नेटवर्क रिसेट. पण त्यानं वायफायचे पासवर्ड आणि हातानं भरलेले पत्ते पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा. आणि सगळं झाल्यावर विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू आहे ना, ते पाहा. नेट आलं या आनंदात घराचं दार उघडं टाकायचं नाही.

आता एक अडचण आम्हीच उभी करतो. अन्वय-व्यतिरेकानं तरी नेहमी खरा दोषी सापडतो का? ८ जुलै २००८ ची गोष्ट. डॅन कमिन्स्की यांना डीएनएसमध्ये एक मोठी फट सापडली होती. ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्या दिवशी पाठवली आणि झोनअलार्म ही फायरवॉल वापरणाऱ्या पुष्कळ लोकांचं इंटरनेट बंद पडलं. दुरुस्ती काढली, नेट आलं. पुन्हा घातली, गेलं. कसोटी पूर्ण. मग दुरुस्ती दोषी का? नाही. ती बरोबरच होती. डीएनएसचे प्रश्न ती आता दर वेळी वेगळ्या पोर्टवरून पाठवत होती, म्हणजे खोटं उत्तर घुसवणं अवघड व्हावं. जुन्या फायरवॉलला ही नवी चाल पटली नाही. ज्यांनी दुरुस्ती काढली त्यांना नेट मिळालं, पण फट उघडी राहिली. खरा इलाज फायरवॉलची नवी आवृत्ती हा होता, आणि ती लगेच आलीही.

म्हणजे कसोटी आपल्याला एवढंच सांगते, की या दोघांच्या संयोगात गडबड आहे. त्यातलं कोणाला बदलायचं, हा वेगळा प्रश्न. तो सोडवायला कोण काय काम करतंय ते समजून घ्यावं लागतं. जे काढल्यावर दुखणं थांबतं तेच दुखण्याचं कारण, असं म्हणता येत नाही. माणसांच्या बाबतीत तर हे फारच जपून वापरावं. एखाद्याला घरी पाठवलं की भांडण थांबतं, म्हणून भांडणाचं मूळ तोच होता असं ठरत नाही.

त्या पोराला मालकानं ठेवलं. पोराची चूक नव्हती असं नाही. मुदतीच्या आठवड्यात चालत्या संगणकात नवीन काही बसवायचं नसतं. पण केंद्रात एकच प्रत ठेवून काम चालवणं ही मालकाची चूक त्याहून मोठी, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. आता तिथं संगणकाशेजारी एक साधी वही आहे. काय बसवलं, काय काढलं, तारीख, सही. पुढच्या वेळी नेट गेलं, की आधी ती वही उघडायची आणि मग माणसाकडे बोट दाखवायचं.

आज एवढंच. प्रश्न असतील तर लिहून कळवा, पुढच्या वेळी घेऊ.