दोन पेट्या, चार हात

1780 च्या सुमारास रंगवलेलं मोझार्ट कुटुंबाचं एक चित्र आहे. वुल्फगांग आणि त्याची बहीण नानर्ल एकाच वाद्यापुढे बसलेत आणि त्यांचे हात एकमेकांवरून गेलेत. ते पाहिलं, मग शूबर्टची 1828 सालची चार हातांची फँटसी ऐकली आणि दोघांनी मिळून वाजवण्याचं वेड डोक्यात शिरलं. पण बदलापूरच्या दोन खोल्यांत पियानो ठेवायचा कुठे? पेटी तेवढी होती, आजोबांची, साडेतीन सप्तकांची.

पेटीचा इतिहास दोन वाक्यांत उरकतो. देबँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ती हाताने भाता मारायची केली. 1940 मध्ये आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं, 1971 मध्ये दार किलकिलं झालं. तरीही आपल्याकडे गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर असे पेटीवादक झाले. मनोहर चिमोट्यांनी तिला ‘संवादिनी’ म्हटलं. जोडीने वाजवायला बसल्याशिवाय त्या नावाचा अर्थ कळत नाही, असं माझं मत.

माझा जोडीदार अंबरनाथचा, वालधुनीकाठच्या शिवमंदिराजवळ राहणारा. (मंदिर 1060 चं; त्याच्या शिल्पांवर लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.) पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी काळी एकचा षड्ज धरला आणि खोलीत वाँव-वाँव असा आवाज घुमू लागला. एका पेटीचा सूर सेकंदाला 440 कंपनांचा आणि दुसरीचा 442 चा असेल, तर सेकंदाला दोन लाटा येतात. पियानोची जोडगोळी एकाच वाद्यावर बसते, तिला हा त्रास नाही. आम्हाला मात्र रीडची पितळी जीभ खरवडावी लागली: टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. मी उत्साहाच्या भरात दोन जिभा कायमच्या बिघडवल्या.

खरं शिक्षण मिळालं उल्हासनगरात. 1949 मध्ये फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभं राहिलं. सिंधी मंडळींच्या टिकाण्यांत, म्हणजे प्रार्थनास्थळांत, गुरुबाणीचं कीर्तन असतं आणि ते गाणाऱ्या रागींच्या जथ्यात बहुधा दोन पेट्या आणि एक तबला. चार हातांची ही कला अंबरनाथच्या पुढच्याच स्टेशनावर होती आणि मी ती व्हिएन्नात शोधत होतो! एका संध्याकाळी कीर्तन आटोपल्यावर दोन वयस्क रागींपुढे आम्ही पेट्या ठेवल्या. थोरल्या भाईसाहेबांनी आमचं वाजवणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जोडीदाराच्या उजव्या हाताकडे कशाला बघता? डावा बघा.”

डावा हात म्हणजे भाता. सूर बोटांतून निघतो, पण श्वास भात्यात असतो. पहिला ओळीच्या शेवटी भाता सैल सोडतो, त्याच क्षणी दुसऱ्याने आपला भरलेला ठेवायचा, म्हणजे आवाजात भोक पडत नाही. धाकटे भाईसाहेब तर बहुतेक वेळ नुसता षड्ज धरून बसायचे. थोरले वर हरकती घेत फिरून आले की हे ध्रुवपद उचलून पुढे न्यायचे. दोघांनी एकाच सप्तकात एकच ओळ वाजवू नये, एकाने खर्जात उतरावं, हेही तिथेच कळलं. पियानोच्या चार हातांतही एक वरची बाजू सांभाळतो, दुसरा खालची, आणि पायाचं पेडल सहसा खालच्याकडे असतं. आमच्याकडे पेडल नाही, म्हणून षड्ज धरणाऱ्याचा भाता ते काम करतो.

जुगलबंदी म्हटलं की आपल्याकडे कुरघोडी आणि टाळ्याच आठवतात. मला ते आता फारसं आवडत नाही. षड्ज धरून गप्प बसणं तानेपेक्षा अवघड आहे. मला त्याला आठ महिने लागले.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर जुनी पेटी पडून असेल आणि वाजवायची इच्छा असेल, तर या. आम्हाला तिसरा जोडीदार हवाय. रीड जुळवण्याचा खर्च माझा, खरवडणार मात्र कारागीर.