न्यायाधीशांच्या दालनातली बोलणी

मुलाच्या ताब्याचा निकाल लागला तरी आईबापांना शाळेच्या फीपासून सुट्टीतल्या भेटींपर्यंत एकमेकांशी बोलावंच लागतं. म्हणूनच १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आणि एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय केली. मुलाशी तर न्यायाधीश बहुधा दालनातच बोलतात. भर कोर्टात कुठलं मूल ‘आई की बाबा’ सांगेल? मारहाण सोसलेली बाई नवऱ्यासमोर मोकळी होत नाही, ‘जुळवून घ्या’चा दबाव तिच्यावरच येतो, हा तडजोडीवरचा आक्षेप खराच आहे. तिला वेगळं भेटायला हवं, तिची संमती पारखायला हवी. मात्र तडजोड म्हणजे नांदायला जाणंच असं नाही. पोटगी ठरवून वेगळं होणं हीसुद्धा तडजोडच. ती जमली नाही, तर पुरावा ऐकून निकाल न्यायालयालाच द्यावा लागतो.