ध्वनिमुद्रणाचा संगणक : कार्यप्रणाली केव्हा बदलावी?

शाळेच्या स्नेहसंमेलनातील गाणी, ग्रामस्वच्छतेवरील प्रचारगीत किंवा गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करावयाच्या, तर पूर्वी शहरातील ध्वनिमुद्रणगृहाचा आश्रय घ्यावा लागे. आज एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक चांगला मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर हे काम शाळेच्या एखाद्या शांत खोलीतही होऊ शकते. अशा संगणकाच्या पडद्यावर एके दिवशी सूचना येते : कार्यप्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमची, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. ती तत्काळ स्वीकारावी की थांबावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु निर्णय चुकल्यास मुद्रित करून ठेवलेले गीत पुन्हा उघडेनासे होण्याचा संभव असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार थोडा तपशिलाने करणे इष्ट होय.

संगीताचे काम वेगळे का?

कार्यालयातील पत्र छापण्यास संगणकाने अर्धा सेकंद अधिक घेतला, तरी कोणाच्या ध्यानातही येत नाही. संगीताच्या बाबतीत तसे नाही. ध्वनिमुद्रण करताना संगणक आवाजाचे दर सेकंदास बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो आणि ते लहान लहान गठ्ठ्यांनी पुढे पाठवितो. ४८,००० च्या वेगाने १२८ नमुन्यांचा एक गठ्ठा भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत पुढचा गठ्ठा तयार झाला नाही, तर आवाजात खट् असा खंड पडतो. गठ्ठा मोठा करून १,०२४ नमुन्यांचा केला, तर संगणकास २१ मिलिसेकंदांची सवड मिळते. परंतु किमान तेवढ्या विलंबाने गायकाच्या कानातील हेडफोनवर त्याचा स्वतःचा आवाज येऊ लागतो आणि ताल सांभाळणे कठीण होते.

हे वेळेचे नियोजन कार्यप्रणाली एकटी करीत नाही. तिच्या जोडीला ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर, मुख्य मुद्रण-सॉफ्टवेअर आणि त्यात बसविलेले प्लग-इन अशी एक साखळीच असते. प्लग-इन म्हणजे घुमारा देणारी, आवाजाचा समतोल साधणारी किंवा तंबोऱ्यासारख्या वाद्याचा ध्वनी निर्माण करणारी छोटी सॉफ्टवेअरे. या साखळीतील प्रत्येक दुवा बहुधा वेगवेगळ्या उत्पादकाचा असतो. नवी कार्यप्रणाली ज्या दिवशी बाजारात येते, त्या दिवशी हे सर्व उत्पादक तिच्यासाठी सिद्ध असतीलच असे नाही. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतकेच असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

अनुभव काय सांगतो?

ॲपल कंपनीची मॅक ओएस कॅटालिना ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. तिने जुन्या ३२-बिट पद्धतीची सॉफ्टवेअरे चालविणे पूर्णपणे बंद केले. त्याआधीच्या आवृत्त्यांतून कंपनीने तशी पूर्वसूचना दिली होती. तथापि ज्यांच्या गीतांत ३२-बिट पद्धतीचे प्लग-इन वापरलेले होते, त्यांना नव्या प्रणालीत ते मिळेनासे झाले. पुढे २०२५ मध्ये आलेल्या मॅक ओएस टाहो या आवृत्तीने फायरवायर या जोडणीचा आधार काढून घेतला. एकेकाळी अनेक नामांकित ऑडिओ इंटरफेस याच जोडणीवर चालत असत. यंत्र सुस्थितीत असूनही नव्या प्रणालीवर ते निरुपयोगी ठरावे, असा हा प्रकार होय.

याची दुसरी बाजूही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त केली. सेवा संपली म्हणून त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. मात्र सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या, मुदतवाढीची स्वतंत्र नोंदणी केल्याखेरीज, मिळेनाशा झाल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे अनेक जुन्या संगणकांवर ती अधिकृतपणे बसविता येत नाही. जुन्या प्रणालीवर दीर्घकाळ राहिल्यास मुद्रण-सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर चालत नाहीत, नव्या इंटरफेसचे ड्रायव्हर मिळत नाहीत आणि एके दिवशी तो संगणकच निकामी झाला, की तेथील काम उघडण्यास दुसरे यंत्र उरत नाही.

तात्पर्य, पहिल्याच दिवशी बदल करणे जसे धोक्याचे, तसेच कधीच न बदलणेही धोक्याचे आहे.

निर्णयाची रीत

प्रथम दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखावेत. चालू आवृत्तीतील सुरक्षिततेच्या लहान दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. हाती महत्त्वाचे काम असेल तर त्या काही दिवस पुढे ढकलता येतात. संपूर्ण नव्या आवृत्तीचा निर्णय मात्र स्वतंत्रपणे आणि पुढील क्रमाने करावा.

१. यादी करावी. इंटरफेस, मुद्रण-सॉफ्टवेअर आणि प्रत्येक प्लग-इन यांची नावे, आवृत्ती व परवाना क्रमांक एका वहीत नोंदवावेत.

२. उत्पादकांचे निवेदन पाहावे. यादीतील प्रत्येक वस्तू नव्या आवृत्तीवर चालते, असे तिच्या उत्पादकाने स्पष्टपणे जाहीर केले आहे काय, याची खात्री करावी. प्रारंभीच्या उणिवा पहिल्या काही महिन्यांतील दुरुस्त्यांनी बऱ्याच अंशी दूर होतात. तोवर थांबल्याने सहसा नुकसान होत नाही.

३. दोन कामांमधील मोकळा काळ निवडावा. स्नेहसंमेलन चार दिवसांवर आले असता संगणकात कोणताही मोठा फेरफार करू नये.

४. संपूर्ण प्रत घ्यावी. केवळ गीतांच्या फायलींची नव्हे, तर कार्यप्रणालीसह संपूर्ण डिस्कची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून अलग ठेवावी.

५. शक्य असल्यास नवी प्रणाली वेगळ्या डिस्कवर बसवून पाहावी. विंडोज ११ मध्ये बदलानंतर साधारणतः १० दिवसांपर्यंत मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय असते. परंतु तिच्यावरच विसंबून राहू नये.

६. परीक्षा घ्यावी. एक जुने गीत उघडून ते पूर्वीसारखेच ऐकू येते काय हे पाहावे, आणि तासभर सलग मुद्रण करून आवाजात खंड पडत नाही ना, याची खात्री करावी.

एखाद्या आवश्यक दुव्यास नवी प्रणाली मानवत नसेल, तर तो संगणक इंटरनेटपासून अलग करून केवळ ध्वनिमुद्रणासाठी जुन्याच प्रणालीवर ठेवणे हाही एक उपाय आहे. मात्र अशा संगणकास जोडण्यापूर्वी पेन ड्राइव्ह तपासून घ्यावा.

गीत प्रणालीपासून मुक्त करावे

सर्वांत महत्त्वाची दक्षता शेवटी सांगावयाची आहे. मुद्रण-सॉफ्टवेअरमधील गीताची फाइल त्या सॉफ्टवेअरवाचून उघडत नाही. याउलट वेव्ह ही ध्वनिफायलीची पद्धत १९९१ पासून प्रचारात असून ती जवळजवळ प्रत्येक संगणकावर उघडते. म्हणून काम पूर्ण होताच प्रत्येक आवाज व प्रत्येक वाद्य यांची स्वतंत्र वेव्ह फाइल काढावी. त्या सर्व फायली एकाच आरंभबिंदूपासून सुरू व्हाव्यात, म्हणजे पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या एकमेकींशी बरोबर जुळतील. सोबत गायकाचे नाव, गाव, तारीख आणि गीताची लय यांची टीप ठेवावी. ४८,००० नमुने आणि २४ बिट या प्रमाणाने चार मिनिटांच्या गीताच्या अशा वीस फायलींना सुमारे ७०० मेगाबाइट जागा लागते. हल्लीच्या डिस्कच्या मानाने ही जागा अल्पच म्हणावी लागेल.

शाळा किंवा ग्रामपंचायत ध्वनिमुद्रणासाठी साहित्य घेते, तेव्हा संगणक आणि मायक्रोफोन यांची तरतूद होते, पण प्रती ठेवण्याच्या दोन डिस्क राहून जातात. खरेदीच्या प्रस्तावातच त्यांचा समावेश करावा, आणि यादीची वही व डिस्क कोणाच्या ताब्यात राहतील हेही लेखी ठरवावे. संगणक पुन्हा विकत घेता येतो. ऐंशी वर्षांच्या आजींनी गायिलेली ओवी दुसऱ्यांदा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही. ती ओवी वेगळ्या डिस्कवर सुरक्षित आहे याची खात्री झाल्यानंतरच नव्या आवृत्तीच्या सूचनेस होकार द्यावा.