खूप दिवसांनी दाखविलेले दात : खर्च, हप्ते आणि थोडा हिशेब

दाताच्या डॉक्टरकडे जाणे आपण जितके पुढे ढकलतो तितके क्वचितच दुसरे काही ढकलतो. ताप आला की तासाभरात दवाखाना गाठणारे सुजाण कुटुंबही दात मात्र पाच-पाच, दहा-दहा वर्षे दाखवीत नाही. यामागे भीती असते, संकोच असतो. परंतु धरमपुरी, धामनोद, खलघाट या आपल्या नर्मदाकाठच्या पट्ट्यात सर्वांत मोठे कारण असते ते म्हणजे 'किती खर्च सांगतील कोण जाणे' ही धास्ती. मी बालरोगतज्ज्ञ, दात हा माझ्या व्यवसायाचा मुख्य विषय नव्हे. तथापि मुलाचे तोंड उघडून घसा पाहताना किडलेल्या दाढा दिसतात आणि पालकांशी जे बोलणे होते, ते बहुतेक वेळा पैशापाशी येऊन थांबते. यास्तव या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची आर्थिक बाजू वैद्यकीय बाजूसह मांडण्याचा हा प्रयत्न.

खर्च का वाढतो?

दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, यात मज्जातंतू नसतात. कीड तेथे असेपर्यंत काहीही दुखत नाही. ती आतल्या डेंटिनमध्ये उतरली की थंड-गोड लागल्यावर झिणझिण्या येतात, आणि दाताच्या गाभ्यापर्यंत पोचली की रात्रीची झोप उडविणारा ठणका सुरू होतो. म्हणजेच वेदना हे आरंभाचे नव्हे, उशिराचे लक्षण होय. 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' हा आपला नेहमीचा तर्क दातांच्या बाबतीत नेमका उलटा ठरतो.

उपचारांच्या खर्चाचा जिना याच पायऱ्यांनी चढतो. वरवरची कीड असेल तर एका भेटीत फिलिंग करून काम भागते. गाभा बाधित झाला की रूट कॅनॉल करावे लागते. त्याला बहुधा एकाहून अधिक भेटी लागतात आणि दाढ असेल तर वर कॅपही बसवावी लागते. तेही न जमल्यास दात काढावा लागतो. दात काढणे स्वस्त. परंतु त्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसविणे सर्वांत महाग. जागा तशीच रिकामी ठेवल्यास शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात लांबतो आणि पुढचे काम आणखी अवघड होते. हिरड्यांचेही तसेच. दातांवरचा मऊ थर वेळीच निघाला नाही तर त्याचे कीटण होते. ते घासून जात नाही, त्यासाठी स्केलिंगच करावे लागते. त्याकडेही दुर्लक्ष झाले तर दाताभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेले दातही हलू लागतात. मधुमेही व्यक्तींमध्ये हे अधिक वेगाने घडते आणि हिरड्यांचा जंतुसंसर्ग साखरेवरचे नियंत्रणही बिघडवितो.

लांबलेल्या अंतराचा आणखी एक धोका पैशात मोजता येत नाही. गुटख्यावर बंदी घालणारे मध्यप्रदेश हे देशातील पहिले राज्य (1 एप्रिल 2012). तरी तंबाखू-सुपारी आपल्या गावांतून गेलेली नाही. तोंड पूर्ण न उघडणे, पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम ही लक्षणे दंतवैद्य पहिल्याच तपासणीत ओळखतो. ती तपासणीच दहा वर्षे झाली नाही, तर ओळखणार कोण?

मोठा आकडा आणि त्याचे तुकडे

बऱ्याच वर्षांनी गेलेल्या रुग्णाला एकदम सात-आठ कामांची यादी आणि एक मोठा आकडा ऐकविला जातो. पुष्कळजण तो ऐकून घरी परततात आणि पुन्हा जात नाहीत. वस्तुतः ही सर्व कामे एकाच महिन्यात करावी लागत नाहीत. त्यांचे चार टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा वेदना आणि जंतुसंसर्गाचा. पू, सूज, असह्य ठणका यांना थांबायला वेळ नाही. दुसरा टप्पा रोग थोपविण्याचा. यात स्केलिंग, फिलिंग आणि न वाचणारे दात काढणे येते. तिसरा टप्पा गेलेले परत बसविण्याचा, म्हणजे ब्रिज, कवळी वा इम्प्लांट. यास काही महिने थांबता येते. चौथा टप्पा केवळ सौंदर्याचा. तो संपूर्णपणे आपल्या इच्छेवर. एक सावधगिरी मात्र हवी. रूट कॅनॉल केलेली दाढ ठिसूळ झालेली असते. तिची कॅप 'पुढच्या वर्षी' म्हणून ठेवली तर दाढ फुटून आधीचा खर्चही वाया जाऊ शकतो. म्हणून कॅप ही पहिल्या टप्प्यातच मोजावी.

दंतवैद्याला विचारावे, 'डॉक्टरसाहेब, यातले आत्ता न केल्यास काय बिघडेल, आणि काय थांबू शकेल? प्रत्येक टप्प्याचा खर्च वेगळा लिहून द्याल का?' हा प्रश्न विचारण्यात कोणताही अपमान नाही, ना विचारणाऱ्याचा, ना ऐकणाऱ्याचा. वैद्यक व्यवसायाच्या 2002 च्या आचारसंहितेत उपचार सुरू होण्यापूर्वी शुल्क सांगावे आणि ते दवाखान्यात फलकावर लावावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ती संहिता आपणा एमबीबीएस, एमडी मंडळींसाठी असली तरी तिचे तत्त्व दंतवैद्यकालाही तितकेच शोभते.

हप्त्यांचा हिशेब

आता हप्त्यांकडे वळू. हप्ते दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला : जितके काम झाले तितके पैसे. दुसरा प्रकार बँक वा वित्तसंस्थेच्या कर्जाचा. यात दवाखान्याला रक्कम बहुधा आरंभीच मिळते आणि आपण मात्र पुढे वर्षभर हप्ते भरत राहतो. काम अर्धवट राहिले किंवा मनाजोगे झाले नाही, तरी हप्ता चुकत नाही.

उदाहरणादाखल 24,000 रुपयांचे काम घेऊ. 'वर्षाला केवळ 12 टक्के' असा सरळ दर सांगितला, तर व्याज 2,880 रुपये आणि बारा हप्ते प्रत्येकी 2,240 रुपयांचे होतात. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज मात्र पूर्ण 24,000 वर लावलेले असते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

'बिनव्याजी हप्ते' हेही तपासून पाहावे. समजा, रोख दिल्यास 10 टक्के सूट आहे, म्हणजे 21,600 रुपयांत काम होते. हप्त्यांवर ही सूट नाही. शिवाय 3 टक्के प्रक्रिया शुल्क, म्हणजे 720 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 130 रुपये. एकूण जवळपास 24,850. नाव बिनव्याजी, प्रत्यक्षात 3,250 रुपये अधिक. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नसते. 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक कर्जांसाठी मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो एक आकडा पाहावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे मासिक हप्ता हा पगारदाराच्या सोयीचा. आपल्या परिसरातल्या शेतकऱ्याच्या हाती पैसा महिन्याने नव्हे, हंगामाने येतो. त्याच 24,000 रुपयांचा विचार असा करता येईल : आषाढात तातडीचे रूट कॅनॉल आणि कॅप यांचे 9,000, तेही दोन-तीन भेटींत विभागून, आणि इतर खोल खड्ड्यांत तात्पुरते भरण, सोयाबीन मंडीत गेल्यावर फिलिंग व स्केलिंगचे 5,000, गहू निघाल्यावर ब्रिजचे 10,000. व्याज शून्य, कागदपत्र एक साधी वही. अर्थात दंतवैद्यालाही साहित्य आणि प्रयोगशाळेचे देणे चुकत नाही. म्हणून कॅप वा ब्रिज करायला टाकतानाच त्याचे पैसे द्यावेत, ही रीत उभयपक्षी न्याय्य ठरते.

आधार कुठे मिळेल?

सर्वसाधारण आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण दंतोपचार येत नाहीत. अपघातातील इजेचा अपवाद बहुधा असतो. सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा भरही रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. साधे फिलिंग किंवा रूट कॅनॉल तीत धरून चालू नये. मुलांसाठी मात्र 2013 चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडी आणि शासकीय शाळांतील मुलांची अठरा वर्षांपर्यंतची तपासणी त्यात होते आणि दातांचे आजारही त्याच्या यादीत आहेत. शासकीय रुग्णालयांचा दंतविभाग आणि इंदूरचे 1961 साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय हेही पर्याय आहेत. तेथे वेळ अधिक लागतो. पण पैशाअभावी उपचारच न करण्यापेक्षा तो वेळ देणे केव्हाही श्रेयस्कर.

मुलांचे दात

घरातल्या मोठ्यांनी दात दाखविले नाहीत की मुलांचेही दाखविले जात नाहीत. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' हे वाक्य मला रोज ऐकू येते. परंतु दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात; त्या लवकर गेल्या तर पुढच्या दातांची जागा जाते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्वांत मागे कायमची पहिली दाढ येते. अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडून जाते. तिच्या खाचा वेळीच सीलंटने बुजविल्या, तर पुढचा मोठा खर्च टळू शकतो.

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मूल दंतवैद्याला एकदा दाखवावे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. आपल्या धार जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे. दातांवर पांढरे वा तपकिरी पट्टे दिसल्यास विंधनविहिरीचे पाणी तपासून घ्यावे. मुलाला जन्मजात वा संधिवाताचा हृदयविकार असेल तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगावेच. आणि दातदुखीबरोबर ताप, गालावर किंवा डोळ्याखाली सूज, तोंड न उघडणे वा गिळताना त्रास झाल्यास हप्त्यांचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या मंडळींना एक विनंती

डॉक्टर बंधू-भगिनींनो, दहा वर्षांनी आलेल्या रुग्णाला आपले पहिले वाक्य 'इतके दिवस काय करत होता?' असे असेल, तर तो आणखी दहा वर्षे येणार नाही. 'आलात, बरे झाले' एवढे म्हणून टप्प्यांचा कागद त्याच्या हाती द्यावा. आणि वाचकहो, पुढची तपासणी केव्हा, हे दंतवैद्यालाच विचारून ठेवावे. इंग्लंडमधील 2004 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी हे अंतर धोक्याप्रमाणे तीन महिने ते दोन वर्षे आणि मुलांसाठी फार तर एक वर्ष असते. सर्वांना सरसकट सहा महिन्यांची गरज नाही. मात्र 'दुखेल तेव्हा' हे अंतर कोणालाच परवडणारे नाही.