सावित्रीच्या मगरी आणि महाडचे पाणी

महाडला सावित्रीच्या उथळ पाण्यात एक तरणा कुत्रा शिरला. भटक्या कुत्र्यांची टोळी मागे लागलेली, त्यामुळे पुढे काय आहे ते पाहायला त्याला सवड नव्हती. पुढे तीन मोठ्या मगरी तरंगत होत्या. त्या त्याच्याकडे सरकल्या. यापुढे काय होणार हे कुणीही सांगेल. पण तसे झाले नाही. दोन मगरींनी मुस्कटाने हलके ढोसत कुत्र्याला टोळी उभी होती त्या जागेपासून दूर नेले. तिथून तो काठावर चढला आणि निघून गेला.

उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी ही नोंद २०२३मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि महाडच्या मगरी देशोदेशीच्या बातम्यांत झळकल्या. ही भूतदया होती का? एका प्रसंगावरून तसे म्हणता येत नाही. मगर थंड रक्ताची. एकदा पोटभर खाल्ले की तिला बरेच दिवस शिकारीची गरज नसते. भूक नसलेली मगर समोरच्या प्राण्याला नुसते चाचपूनही पाहील. तरीही अशा नोंदीला किंमत आहे. विज्ञानातल्या बऱ्याच गोष्टी एकाच रुग्णापासून किंवा एकाच प्रसंगापासून सुरू होतात, आणि महाडला त्याचा अनुभव आहे. १९७६मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाचा दंश झालेले रुग्ण कसे दगावतात हे त्यांच्या उशाशी बसून पाहिले. रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यावर उपयोगी पडते, हे पुढे १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला कळले. आधी पाहायचे, लिहून ठेवायचे, आणि मग पुन्हा पुन्हा पडताळायचे.

त्याच शोधनिबंधात आणखी एक गमतीची नोंद आहे. नदीत सोडलेल्या निर्माल्यातल्या झेंडूच्या फुलांकडे या मगरी ओढल्या जातात, फुलांच्या सान्निध्यात पडून राहतात. झेंडूतल्या जंतुरोधक द्रव्यांमुळे त्वचेच्या संसर्गापासून बचाव होत असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. झेंडूच्या अर्काने काही जंतूंची वाढ रोखली जाते हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र नदीच्या वाहत्या पाण्यात, चार फुलांनी एवढ्या जाड कातडीचे रक्षण होते, हे सिद्ध व्हायचे आहे. पण या तर्कामागे एक साधी गोष्ट आहे, ती नजरेआड होऊ नये. नदीत गावाचे सांडपाणी मिसळते. मगरीला त्या पाण्यापासून संरक्षण लागत असेल, तर त्याच पाण्यात गुडघाभर उतरून कपडे धुणाऱ्या, जाळे टाकणाऱ्या माणसाचे काय?

महाड नकाशावर समुद्रापासून सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर आत आहे, पण समुद्र रोज तिकडे येतो. महाबळेश्वरच्या कड्यांवरून उतरणारी सावित्री पोलादपुरापर्यंत डोंगरी नदी असते, खडकांतून आणि गोट्यांवरून धावणारी. महाडला ती सपाटीला लागते, गांधारी तिला मिळते, आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती वर चढत येते. याच भरतीवर पूर्वी गलबते महाडच्या बंदरापर्यंत येत. गोडे पाणी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते हे ऋतूनुसार बदलते. आपल्याकडची मगर गोड्या पाण्याची, पण मचूळ पाण्यातही ती काही प्रमाणात तग धरते. ओहोटीला उघडा पडणारा मऊ गाळाचा काठ तिला ऊन खायला सोयीचा.

नदी आणि समुद्र यांचे हे नाते महाडकरांना वेगळ्या प्रकारेही ठाऊक आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा काही मृतदेह थेट समुद्रकिनारी सापडले. शोध घेणाऱ्या पथकांना पुराच्या लोंढ्याबरोबर मगरींचीही काळजी होती. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा, म्हणजे खाडीत उधाणाचे दिवस. वरून लोंढा आणि खालून भरती. मधल्या महाडला पाणी टाकायला जागा उरली नाही. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले.

पूर आला की मगर काठ सोडते. ती गावावर चालून येत नाही, संथ पाणी शोधत येते, आणि त्या दिवशी संथ पाणी नाल्यात, शेतात, परसात असते. चिपळूणच्या रस्त्यावर २०२४च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला फिरणारी मगर अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. अशी मगर दिसली तर वन विभागाला कळवावे. दगड मारू नयेत, फोटोसाठी जवळ जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, आणि तसे नसते तरी चवताळलेल्या मगरीशी खेळणे शहाणपणाचे नव्हे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी मगरींच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत.

मगरीची जखम फसवी असते. तिचे दात कापणारे नाहीत, धरणारे आहेत. धरून ती गरकन फिरते. वरून चारपाच भोके दिसतात, आत मात्र स्नायू चिरडलेले, कधी हाड मोडलेले, कधी तुटलेला दात रुतलेला. रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, रक्त आटोक्यात आले की भरपूर स्वच्छ पाण्याने जखम धुवावी आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे. हळद, चुना, कॉफी काहीही भरू नये. ‘टाके घालून टाका’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. अशी जखम घाईने शिवली तर जंतू आत कोंडले जातात. मगरीच्या तोंडात आणि नदीच्या पाण्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात. त्यांच्यावर अमॉक्सिसिलिनची नेहमीची गोळी सहसा चालत नाही, म्हणून ‘मगर चावली, नदीत चावली’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन हवेच. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून रेबीज होत नाही, तेवढी एक चिंता कमी.

पण खरे भय वेगळेच आहे, आणि ते दिसत नाही. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू पुराच्या पाण्यात येतात आणि भेगाळलेल्या टाचेतून, खरचटलेल्या नडगीतून शरीरात शिरतात. बहुधा आठपंधरा दिवसांनी ताप चढतो, पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात. तोवर चिखल उपसून झालेला असतो आणि ताप पाण्यामुळे आला असे कुणाच्या मनातही येत नाही. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देता येते. गर्भवती आणि लहान मुलांना दुसरे औषध द्यावे लागते, म्हणून घरातल्या गोळ्या वाटून घेऊ नयेत. घर साफ करताना गमबूट घालावेत.

नदीवर रोज जाणाऱ्यांनी सांभाळायचे थोडेच आहे. तिन्हीसांजेनंतर पाण्यात उतरू नये. काठावर वाकून, बसून काम करणारा माणूस मगरीला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून धुणे शक्यतो पाण्यापासून दूर घ्यावे. कोंबडीची आतडी, मासळीची घाण काठावर टाकू नये. ती टाकणाऱ्यामागे मगर येतेच. आणि उन्हाळ्यात वाळूच्या किंवा मातीच्या उंचवट्याशी मगर ठाण मांडून बसली असेल तर तिथून लांब राहावे. ती अंडी राखत असते.

ही अंडी हवामानाच्या ऐन तोंडाशी असतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती घातली जातात, मे-जूनमध्ये फुटतात. पिल्लू नर की मादी हे घरट्याच्या उष्णतेवर ठरते: सुमारे ३२.५ अंशांना नर, त्याहून बरेच कमी असले तर माद्या. एकदोन अंशांनी सगळे गणित फिरते. अरबी समुद्र तापतो आहे, वादळे वाढत आहेत. तौक्ते २०२१च्या मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वेळा मगरींची घरटी जमिनीत होती.

अंडी फुटायच्या बेतात आली की पिल्ले आतूनच आवाज देतात. मादी माती उकरते, पिल्लांना जबड्यात उचलून पाण्यात नेते. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत नरालाही हे काम करताना पाहिले गेले आहे. त्या सुमारास मृगाचा पाऊस येतो आणि सावित्री गढूळ व्हायला लागते.