मोटारसायकल इंजिनची क्षमतावाढ : खर्च व लाभाचा विचार
(विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनात मोटारसायकल हे चैनीचे साधन राहिलेले नाही. दूध, भाजीपाला, खताची पोती यांची ने-आण बहुतांशी तिच्यावरच होते. २०१८ व २०२१ मधील दरवाढीत परभणीचे पेट्रोलदर राज्यातील सर्वाधिक दरांमध्ये गणले गेले. मनमाडसारख्या दूरच्या डेपोतून होणारा पुरवठा हे त्याचे एक कारण होते. अशा स्थितीत इंजिनची शक्ती वाढविण्यासाठी केलेला खर्च सार्थकी लागतो काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

शक्तिवाढीचे तत्त्व :
इंजिनमध्ये किती हवा शिरते आणि इंधनाच्या उष्णतेचा किती भाग कार्यात रूपांतरित होतो, यांवर त्याची शक्ती मुख्यतः अवलंबून असते. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच कमाल वेग १० टक्क्यांनी वाढविण्यासाठी सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते.

प्रमुख बदलांचे मूल्यमापन :
१) एअर फिल्टर व सायलेन्सर : लहान इंजिनात केवळ हे भाग बदलून मिळणारा लाभ अल्प असतो. ४३ अंश तापमानात हवेची घनता २५ अंशांच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटते. त्यामुळे असा लाभ मराठवाड्याच्या उन्हाळ्यातच संपुष्टात येऊ शकतो. उलट, मोकळ्या फिल्टरमधून धूळ आत गेल्यास पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात.

२) बोअर वाढविणे : ५० मि.मी. बोअर व ४९.५ मि.मी. स्ट्रोक असलेल्या ९७.२ सी.सी. इंजिनचे बोअर १ मि.मी.ने वाढविल्यास क्षमता सुमारे १०१ सी.सी. होते. ही वाढ केवळ ४ टक्के आहे. झिजलेल्या सिलिंडरची दुरुस्ती म्हणून बोअरिंग योग्य. शक्तिवाढीसाठी मात्र ते महाग पडते.

३) कॉम्प्रेशन रेशो : तो ९ वरून १० केल्यास सैद्धांतिक कार्यक्षमता जवळपास ३ टक्क्यांनी वाढते. परंतु इंजिन ठोके देऊ लागल्यास महागडे उच्च ऑक्टेन पेट्रोल वापरावे लागते व बचत नाहीशी होते.

४) स्प्रॉकेट : मागील दाते ४२ ऐवजी ४४ केल्यास चाकावरील ओढ सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. शक्ती तेवढीच राहते, मात्र ओझे वाहणाऱ्यास हा अल्पखर्चिक बदल उपयुक्त ठरतो. त्याच वेगाला इंजिनचे फेरे वाढतात, हा त्याचा तोटा होय.

देखभालीचा पर्याय :
वर्षाला ९,००० कि.मी. धाव व लिटरला ५० कि.मी. सरासरी धरल्यास १८० लिटर पेट्रोल लागते. सरासरी ४ टक्क्यांनी सुधारली, तर सुमारे ७ लिटर वाचतात. लिटरला १०५ रुपये दर गृहीत धरता ही बचत जेमतेम ७३५ रुपये होते. स्वच्छ फिल्टर, योग्य व्हॉल्व्ह सेटिंग, तेल दिलेली चेन व टायरमधील योग्य हवा यांनी दुर्लक्षित गाडीत ती साधू शकते. हजारो रुपयांच्या किटची त्यासाठी गरज नाही.

कायदेशीर मर्यादा :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

निष्कर्ष :
दैनंदिन वापरासाठी प्रथम देखभाल, नंतर झिजलेल्या भागांची दुरुस्ती आणि गरजेनुसार उत्पादकाच्या मर्यादेत स्प्रॉकेटचा बदल, हा क्रम किफायतशीर ठरतो. खरोखरच अधिक शक्ती हवी असल्यास जुन्या इंजिनवर खर्च करण्याऐवजी अधिक क्षमतेची गाडी घेणे आर्थिक, तांत्रिक व कायदेशीर अशा तिन्ही दृष्टींनी श्रेयस्कर होय.